हात लाव

पहाटेचे साडेचार. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात नाशिककडच्या गाड्या रांगेनं लागलेल्या. ट्रकचा फाळका पडला की आधी वास अंगावर येतो, उग्र आणि ओलसर, डोळ्यांपेक्षा घशात जास्त बसणारा. गाडीवर दोघे उभे. खाली एकजण पाठ करून, गुडघ्यात थोडा वाकून थांबलेला. त्याच्या डोक्यावरून मानेमागे गोणपाटाची खोळ. वरचे दोघे लाल जाळीची गोणी दोन टोकांना धरून त्याच्या पाठीवर सरकवतात. गोणी बसताना तो पाठ हलवून तिला जागा करून देतो, मूल कडेवर घेताना बाई कंबर काढते तशी. मग निघतो. हे चालणं नसतं आणि धावणंही नसतं. आखूड, भराभर पावलं पडतात, गुडघे सरळ होतच नाहीत. गाळ्यात थप्पीपाशी पोचला की गोणी टाकतो आणि वळतो. तोवर दुसरा पाठ करून उभा राहिलेला असतो.

माझ्याबरोबर आलेल्या छायाचित्रकारानं तासाभरात दीड-दोनशे फोटो काढले. नंतर चहाच्या टपरीवर ते बघत बसलो. सगळ्या फोटोंत एकेकटा माणूस होता. घामानं चमकणारी पाठ, ताणलेल्या शिरा, मागून पिवळ्या दिव्याचा उजेड. फोटो देखणे होते. पण गोणी चढवून देणारे दोघे एकाही चौकटीत नव्हते.

मी इथं आलो तो आप्पांसाठी. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पाटण खोऱ्यातल्या आमच्या गावात ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आमच्या घराची मागची भिंत बसली, आणि पुढच्या उन्हाळ्यात आप्पा मुंबईला गेले. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. मशीद बंदरला गावच्या खोलीत वळकटी टाकली आणि दुसऱ्या दिवशी दाणाबंदरात पाठीवर पोतं घेतलं. तेव्हाचं पोतं क्विंटलचं असायचं, पुरे शंभर किलो. आप्पांचं स्वतःचं वजन त्या वेळी पंचावन्नच्या वर नसावं.

लहानपणी आप्पा मला देवासारखे वाटायचे आणि त्यांची भीतीही तितकीच वाटायची. ते वर्षातून दोनदा यायचे, चैत्रातल्या यात्रेला आणि गणपतीत. मानेच्या खाली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध त्यांना लिंबाएवढं टेंगूळ होतं. आम्ही पोरं ते बोटानं दाबून बघायचो. ते हसायचे. "आरं, ती गादी हाय पोत्याची," म्हणायचे. कंबरेला लावायचा लोखंडी आकडा त्यांनी खुंटीला टांगला की घरातले आवाज आपोआप कमी व्हायचे. एकदा बैल चिखलात रुतला तेव्हा त्यांनी खाली घुसून त्याला खांदा दिला होता. ही गोष्ट गावात अजून सांगतात आणि दर वेळी बैल थोडा मोठा होतो.

असा माणूस आता होत नाही, हे वाक्य गेल्या पाच-सात वर्षांत मी किती ठिकाणी ऐकलं असेल! लग्नाच्या पंगतीत, एसटीत, निवृत्त शिक्षकांच्या कट्ट्यावर. आताची पोरं नाजूक, जरा ऊन लागलं की झोपली, जरा कुणी बोललं की रुसली. म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी आप्पाच असतात. रांगडे, फटकळ, दारू पिणारे, हात उचलणारे, पण 'मर्द'. त्यांचे दोष सांगतानाही आवाजात कौतुक असतं, दोष हे मर्दपणाचं व्याज असावं तसं. मीही तसा बोललो आहे. तिशीत तर आप्पांचे किस्से सांगून मी मित्रांच्या मैफली मारल्या आहेत.

या कौतुकाला मोठा हातभार सिनेमानं लावला. 'दीवार' १९७५ सालचा. त्यातला विजय गोदीत हमाली करतो. त्याच्या दंडावरचा ७८६ नंबरचा बिल्ला ठाऊक नाही असा माणूस त्या पिढीत विरळा. हमालांकडून हप्ता वसूल करणाऱ्या गुंडांना तो नकार देतो, त्यांच्याच गोदामात जाऊन बसतो, दाराला कुलूप लावतो, किल्ली त्यांच्याकडे फेकतो आणि एकटा सगळ्यांना लोळवतो. सलीम-जावेदनी लिहिलेल्या या विजयमध्ये हाजी मस्तानच्या आयुष्याचे धागे आहेत असं नेहमी सांगितलं जातं. मस्तानही गोदीत हमालच होता आणि पुढे तस्करीत गेला. पडद्यावरचा विजयही तिकडेच जातो. आप्पांच्या खोलीतल्या मंडळींनी हा सिनेमा किती वेळा पाहिला याचा हिशेब नव्हता. आप्पा मात्र सिनेमाबद्दल एकच बोलायचे, "त्यो येकटाच पोतं उचलतोय. आसं न्हाय हुत."

हे ते हमालीबद्दल तांत्रिक दुरुस्ती केल्यासारखं बोलायचे. मला त्याचा अर्थ कळायला तीस वर्षं लागली.

जमिनीवरचं शंभर किलोचं पोतं स्वतःच्या पाठीवर एकट्यानं घेणं जवळपास अशक्य. ते दोघांनी दोन कोपऱ्यांत आकडे घालून उचलून द्यावं लागतं. त्यासाठी गोदामात दिवसभर एकच हाक चाले, "हात लाव." ही हाक देण्यात कमीपणा नव्हता, लाज नव्हती. जो आता उचलून देतोय तो पाच मिनिटांनी पाठ करून उभा राहणार, आणि आपण त्याला लावणार. ज्याचा हात वेळेवर लागत नाही, ज्याचं टोक आधी सुटतं, त्याला टोळीत कुणी ठेवत नसे. अंगात ताकद किती याची फुशारकी गावात मारायची. गोदामात इज्जत मिळायची ती वेळेवर लागणाऱ्या हाताला.

आणि मजुरी टोळीची असायची. दिवसभरात मिळून किती पोती उतरली त्यावर पैसे, आणि ते सगळ्यांत सारखे. दणकट विशीतला गडी आणि पंचावन्नला टेकलेला, गुडघे कुरकुरणारा गडी, दोघांचा वाटा एकच. म्हाताऱ्याला मग पाठीचं काम कमी देत. तो उचलून द्यायचा, मापाला उभा राहायचा, फाटलेल्या पोत्याचं तोंड दाभण-सुतळीनं शिवायचा. याबद्दल तरुण कुरकुरत नसत असं नाही. आप्पाही विशीत कुरकुरले असणार. "मंग आपल्यावर बी येळ येती की," एवढंच ते त्यावर म्हणतात.

टोळीचा हा न्याय चांगला होता, पण टोळीच्या बाहेर कसलाच न्याय नव्हता. व्यापारी म्हणे हा आमचा नोकर नव्हे, आज इथं तर उद्या शेजारच्या गाळ्यावर. मुकादम मधल्यामधे आपला वाटा कापून घेई. कुठल्याही वहीत नाव नाही. थप्पी अंगावर पडून कंबर मोडली तर टोळी वर्गणी काढायची आणि गडी गावाला परत. कारखान्याचे कायदे त्याला लागू होत नव्हते, कारण त्याला एक मालकच नव्हता. दहा मालक असलेला माणूस कायद्याच्या नजरेत बेवारस होता.

ही गाठ सोडवायला पुढे आले अण्णासाहेब पाटील. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, स्वतः मशीद बंदरला हमाली केलेले. आमच्या खोऱ्यात त्यांचा फोटो देव्हाऱ्याशेजारी असतो. त्यांनी माथाडींची संघटना बांधली, संप केले, मोर्चे काढले, आणि १९६९ साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. कायद्याची कल्पना साधी आणि हुशार आहे. हमालाला एक मालक नाही ना, मग मंडळ उभं करा. व्यापारी, कामगार आणि सरकार, तिघांचे प्रतिनिधी असलेलं. व्यापाऱ्याची नोंद मंडळात, टोळीची नोंद मंडळात. व्यापाऱ्यानं मजुरी हमालाच्या हातात न देता मंडळात भरायची आणि वर ठरावीक टक्के लेव्ही. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस, औषधपाणी. गोदी कामगारांसाठी असाच विचार १९४८च्या कायद्यानं केला होता. म्हणजे 'दीवार'चा विजय कुलूप लावून गुंडांना बडवत होता तेव्हा खऱ्या मुंबईत गोदीवाल्यांना मंडळ मिळून जुनं झालं होतं आणि दाणाबंदरातला हमाल मंडळातून पगार घ्यायला शिकत होता. यावर सिनेमा कुणी काढला नाही. लेव्हीच्या पावतीवर शिट्टी कोण मारणार?

पुण्यात हेच काम वेगळ्या माणसानं केलं. बाबा आढाव हे आयुर्वेदाचे डॉक्टर, अंगानं किरकोळ. त्यांनी हमाल पंचायत उभी केली, आणि पंचायतीनं पुढे सत्तरच्या दशकात 'कष्टाची भाकर' सुरू केली. पोटभर आणि परवडेल असं जेवण, कारण हमालाच्या मजुरीतला मोठा वाटा खानावळीत जायचा. क्विंटलची पोती वाहणारी माणसं या काटकुळ्या डॉक्टरच्या मागे मुकाट चालायची. मर्दपणाची आपली मोजमापं किती कामचलाऊ असतात ते अशा वेळी दिसतं.

अण्णासाहेबांच्या मरणाबद्दल मात्र मला आप्पांसारखं बोलता येत नाही. २२ मार्च १९८२ला मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी त्यांनी मुंबईत प्रचंड मोर्चा नेला. मागणी मान्य झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. वय अठ्ठेचाळीस. आप्पा त्या मोर्चात होते. "शब्दाला जागला," असं म्हणताना त्यांची मान आजही ताठ होते. मला त्या ताठ मानेची भीती वाटते. ज्या माणसानं हजारोंना एकमेकांच्या आधारानं उभं राहायला शिकवलं, त्याला त्या रात्री कुणाला हाक मारावीशी वाटली नाही, किंवा मारता आली नाही. त्याच वर्षी गिरण्यांचा संप चालू होता. मुंबईतल्या कष्टकऱ्यांना त्या वर्षानं फार मारलं.

आता घराकडे येतो.

आप्पा यात्रेला यायचे तेव्हा पहिले दोन दिवस उत्सव. खाऊ, कपडे, गोडेतेलाचा डबा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटली निघायची. चौथ्या दिवशी काकूच्या दंडावर वळ असायचा आणि ती पदर ओढून भाकरी थापत बसायची. कुणी काही बोलत नसे, माझे वडीलही नाहीत. 'तिकडं जनावरावानी राबतोय, मग हुतंय आसं,' हे घरातल्या बायकाच एकमेकींना सांगायच्या. आप्पा परत गेले की काकू नांगरट, पेरणी, सोसायटीचं कर्ज, सासूचं आजारपण, पोरांच्या शाळा, सगळं ओढायची. शेणाची पाटी, सरपणाचा भारा, पाण्याच्या तीन-तीन घागरी, पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून. त्या ओझ्याचं वजन कुणी केलं नाही. त्याला टोळी नव्हती, लेव्ही नव्हती. तिला रांगडी म्हणायचंही आमच्या कुणाच्या मनात आलं नाही. ती आपली काकू.

मुंबईतल्या त्या कणखर पुरुषांचं जेवण कोण करत होतं, हाही प्रश्न आहेच. खानावळवाल्या बाया. अरुंद खोलीत स्टोव्हसमोर बसून वीस-पंचवीस गड्यांचे दोन वेळचे डबे रांधणाऱ्या, आणि महिनाअखेरीला उधारी बुडाली की सावकाराच्या दारात जाणाऱ्या. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच गिरणगावातल्या बायांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. मर्दांच्या गोष्टींत त्या स्वयंपाकाच्या वासापुरत्या येतात.

आप्पा वाईट माणूस होते, असं म्हणून हात झटकावेत तर तेही जमत नाही. टोळीतला एक गडी थप्पीखाली सापडून अपंग झाला, तर आप्पांनी त्याच्या पोरीचं लग्न होईपर्यंत दर दिवाळीला त्याच्या घरी पैसे पोचवले. हे काकूलाही माहीत नव्हतं. एकाच माणसाचे दोन हिशेब. गोदामातला चोख, घरातला थकलेला. मला वाटतं, गोदामात त्यांना ओझं वाटून घ्यायची भाषा येत होती. दोन शब्दांची होती, पण होती. घरी ती भाषा आणायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं की नाही, देव जाणे.

मग हा कणखरपणा गेला कुठे? पोरं नाजूक झाली म्हणून गेला, यावर माझा विश्वास नाही. न्हावाशेव्याचं बंदर १९८९मध्ये सुरू झालं. कंटेनर थेट क्रेननं उचलला जाऊ लागला, आणि जी पोती पूर्वी चार वेळा चार पाठींवर चढत ती पेटीत बंद होऊन गेली. गोदामांत फोर्कलिफ्ट आली. घाऊक बाजार ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईतून तुर्भे-वाशीला हलला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं तर १९६७मध्येच प्रौढ पुरुषानं पंचावन्न किलोपेक्षा जास्त भार वाहू नये अशी शिफारस केली होती. आपल्याकडे पन्नास किलोच्या गोणीचा नियम अंगवळणी पडायला किती वर्षं गेली! तुर्भ्यात अजूनही जास्त वजनाच्या गोण्या येतात आणि माथाडी काम थांबवतात. त्या पहाटेही एक गोणी काट्यावर सत्तावन्न भरली. मुकादमानं ती बाजूला काढून ठेवली आणि व्यापाऱ्याच्या माणसाला शांतपणे म्हणाला, "ही तूच ने." मला ते पाहून फार बरं वाटलं. सत्तावन्न किलो त्याला पेलले नसते असं नाही, तो गडी दुप्पट नेईल. पण त्यानं नेलं नाही.

उलटं चित्रही आहे. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात माथाडीच्या नावाखाली कारखानदारांकडून खंडणी मागितल्याचे गुन्हे पोलिसांनी नोंदवले आहेत. हात न लावता हमाली मागायची, नाहीतर गाडी अडवायची. दंड भरलेले, गळ्यात साखळी, गाडीवर भलंमोठं स्टिकर. रांगडेपणाचा सगळा वेष त्यांच्याकडे आहे. २०२३मध्ये याच कारणाचा आधार देत सरकारनं कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, तेव्हा खऱ्या माथाडींच्या संघटनांनी विरोध केला. चोर पकडायचे म्हणून आमच्या घराची भिंत का पाडता, असा त्यांचा रोख होता. 'दीवार'मधले गुंड हमालांकडून हप्ता घेत. आता हप्ता घेणारा स्वतःलाच हमाल म्हणवतो.

माझ्या चुलतभावाचा मुलगा, आप्पांचा नातू, सकाळी जिममध्ये जातो आणि दिवसा ॲपवरच्या ऑर्डरी पोचवतो. गेल्या दिवाळीत गावी भाताचं पन्नास किलोचं पोतं माळ्यावर टाकायचं होतं. तो जिममध्ये शंभर किलोचा बार जमिनीवरून उचलतो, तसं सांगतोही. पोत्याला मिठी मारून उचलायला गेला तर पोतं मधोमध वाकलं आणि हातातून ओघळलं. बार ताठ असतो. पोतं ताठ नसतं, ते माणसाच्या अंगावर रेलतं, कुठूनही निसटतं. सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "त्याला कुणीतरी चढवून द्या की रं."

रात्री तो मला त्याच्या कामाचं सांगत होता. वीस लिटरचे पाण्याचे दोन जार, चौथा मजला, लिफ्ट बंद. गिऱ्हाईक दार उघडून मोबाइलवर बोलत राहतं. पावसात घसरून मनगट मुरगळलं तर दोन दिवस ॲप बंद, कमाई शून्य. तुझ्याबरोबरची मुलं असतील की, म्हटलं. हसला. "काका, आम्ही हॉटेलबाहेर उभे असतो ना शेजारी-शेजारी, पण प्रत्येकाची ऑर्डर वेगळी. दुसऱ्याला मिळाली म्हणजे आपल्याला नाही." त्याचे अनेक मालक आहेत आणि एकही नाही. १९६९च्या आधीचे आप्पा. फरक इतकाच की आप्पांना टोळी होती. याला नाजूक म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आप्पा आता पंचाहत्तरच्या पुढे आहेत. गुडघ्यांची वाटी झिजलेली, मणक्यात दोन ठिकाणी दाब. तरणेपणी दुखणं डॉक्टरला दाखवणं त्यांना अपमानाचं वाटे. दारू सुटली ती यकृतानं सोडायला लावली म्हणून. काठी घेत नाहीत. ओसरीवर बसतात आणि उठायचं झालं की भिंतीला तळवा लावून, दात आवळून, दोन-तीनदा प्रयत्न करून उठतात. मी पुढे झालो की हात झटकतात.

गेल्या चैत्रात यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. पालखी देवळातून निघाल्याचा ढोल ऐकू आला. त्यांनी भिंतीला तळवा लावला. एकदा जोर केला, दुसऱ्यांदा केला, मांडी हललीच नाही. थोडा वेळ तसेच बसले. मग माझ्याकडे न बघता, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, दाणाबंदरात मारत असतील तशाच आवाजात म्हणाले, "हात लाव."

आतून काकूचा आवाज आला, "भाकरी टाकलीया तव्यावर. उलटती आन् येती."

आप्पा भिंतीला तळवा लावून थांबले.